उघड्या दारातलं मरण

मी पैसे घेऊन रडते. रोमहून दक्षिणेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आमचं गाव आहे, आणि गावात कोणी मेलं की पहिला निरोप मला येतो, लाकडंवाल्याला नंतर. केस मोकळे सोडायचे, छाती पिटायची, मेलेल्याचं नाव पुकारायचं आणि चितेपर्यंत त्याचे गुण गात जायचं, हे माझं काम. मेलेला कितीही हलकट असला तरी एखादा गुण सापडतोच. नाही सापडला तर तो नुमिसियस रचून द्यायचा.

नुमिसियस हा आमचा कवी. तरुणपणी रोममधल्या बड्या घरांत त्यानं कविता वाचल्या होत्या म्हणे. तिथं काय बिनसलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. गावी परतला तो थडग्यांवरच्या ओळी आणि माझी गाणी लिहून पोट भरू लागला. हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना जी थडगी आहेत, त्यातल्या निम्म्यांवर त्याचेच शब्द आहेत. त्यातही एक ओळ लोकांना फार प्यारी. पाथरवट तर ती न विचारताच कोरायचा: ‘आपलं दार आपणच ओढून घ्यावं, कडीचा आवाजही शेजाऱ्याला जाऊ नये.’ शहाण्यानं मरावं ते असं. शेंबडी पोरंसुद्धा ही ओळ घोकायची. मला ती कधीच आवडली नाही. सगळेच असे गुपचूप मरायला लागले तर माझ्या चुलीवर काय शिजणार?

घरात तो आणि त्याचे दोन गुलाम. थालुसा स्वयंपाक करायची. नुमिसियसच्या आईबरोबर पोरवयात ती या घरात आली होती आणि इथंच म्हातारी झाली. त्याचा कोणता दात कधी दुखतो हे त्याच्या आधी तिला कळायचं. दुसरा पोथस, एका पायानं लंगडा. तो दार सांभाळायचा, आणि नुमिसियसची नजर अधू झाल्यापासून त्याला वाचूनही दाखवायचा. वाचता वाचता मध्येच म्हणायचा, "धनी, इथं तुम्ही उगाच पाणी घातलंय." नुमिसियस त्याला चप्पल फेकून मारायचा आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ खोडायचा.

त्या वर्षी द्राक्षं तुडवून झाली त्या सुमारास नुमिसियसच्या पोटात गाठ निघाली. ग्रीक वैद्यानं येऊन पोट चाचपलं आणि फी न घेताच तो निघून गेला. तेव्हाच आम्ही काय ते समजलो.

हिवाळ्याच्या तोंडाला त्यानं मला बोलावलं. थालुसा पाण्याला गेली होती, पोथस बाजारात. नुमिसियस उशांना टेकून बसला होता. हातपाय काटकीसारखे आणि पोट तेवढं पुढे आलेलं. त्यानं एक गुंडाळी माझ्यापुढे टाकली.

"हे पाठ कर."

"कोणाचं आहे?"

"माझं. मीच लिहिलंय. शेवटी आवाज फार चढवू नकोस, तुला ठसका लागतो."

"मरायला टेकलास तरी माझ्या गळ्याला नावं ठेव!"

तो हसला. मग अगदी सहज, भाजीला काय आणायचं ते सांगावं तसं म्हणाला, "परवा. खोलीचं दार लावून घेईन. बोरू तासायचा चाकू आहे. सकाळी सगळं शांत झालेलं असेल. ना माणसं, ना गलका. जन्मभर लिहिलं तसं."

त्याच्या तोंडावर समाधान होतं. चांगली ओळ जमल्यावर असायचं तसलं. ते बघूनच माझं डोकं फिरलं.

"आणि थालुसा? पोथस?"

"त्यांचं काय? प्रिस्कस आहे ना." प्रिस्कस त्याचा भाचा, गावाबाहेर त्याचा मळा होता. "त्याच्या मळ्यावर जातील."

"मळ्यावर नाही, क्रूसावर जातील! तो तेलाचा व्यापारी आठवतो का? अंथरुणात मेलेला सापडला, गळ्यावर वार. कोणी केला ते आजतागायत कळलेलं नाही. छताखालचा एकूण एक गुलाम लटकवला. मी रडत होते पुढे मालकासाठी, आणि रस्त्याच्या कडेला ते लटकत होते. त्यात त्याची स्वयंपाकीण होती. रडून माझा घसा बसला की मला ऊन पाणी द्यायची ती."

"ती हत्या होती. मी स्वतः करणार आहे. दिसेलच की."

"कोणाला दिसेल? बंद दार, आत रक्तात पडलेला धनी आणि बाहेर दोन गुलाम. कोणी हू की चू ऐकलं नाही. न्यायाधीश विचारेल, आवाज कसा आला नाही? आला तर धावला का नाहीत? धन्याच्या मनात काय आहे ते ठाऊक होतं, मग अडवलं का नाही? आणि गुलामाचं उत्तर कोरडं कोण ऐकतो रे? दोरानं अंगाला पीळ दिल्याशिवाय त्याची साक्षच धरत नाहीत. थालुसाचे खांदे बघितलेस? एका पिळात निखळतील."

मी थांबले नाही.

"तुझं म्हणजे आपण मेलो, जग बुडालं. तुझ्या इतक्या कवितांत मरणाच्या खोलीत एकटाच माणूस असतो. दाराबाहेर चटईवर कोण झोपलंय ते लिहिलंस कधी?"

दुसरं कोणी असं बोललं असतं तर त्यानं दोन शब्दांत त्याची कणीक तिंबली असती. मला तो एवढंच म्हणाला, "त्यांना मुक्त करतो."

"त्यासाठी रोमला प्रीतोरपुढे, त्या बड्या न्यायाधीशापुढे उभं राहावं लागतं. तुला परसापर्यंत जाववत नाही. घरच्या घरी ‘जा, सुटलात’ म्हटलेलं चौकशीत कोण विचारात घेतो?"

"मग?"

"मग वाट बघ. गाठ आहेच, ती नेईल."

त्यानं उशीखाली हात घालून एक फडकं काढलं. दातांनी चावून चावून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. "हे तोंडात धरतो," तो म्हणाला. "थालुसाला ऐकू जाऊ नये म्हणून. आता हेही पुरत नाही."

मी मेलेली माणसं ढीगभर पाहिलीत, पण मरणारी फार नाही. आम्हाला बोलावतात ते सगळं उरकल्यावर. त्या फडक्याकडे मला बघवेना. या माणसानं मला तीस गाणी दिली आणि त्या बदल्यात शिव्याच खाल्ल्या. मला त्याची कीव आली आणि रागही गेला नाही. ती गुंडाळी उचलून मी तशीच घरी आले.

काही दिवसांनी त्यानं पुन्हा बोलावलं. आल्या आल्या विचारलं, "मंडळाचं जेवण कधी आहे?"

आमच्या गावात दियानादेवीच्या नावानं एक मंडळ आहे. गोरगरीब महिन्याला थोडी वर्गणी टाकतात, गुलामसुद्धा टाकतात, आणि मेल्यावर मंडळ त्यांना लाकडं देतं, दगड देतं, रडायला मी असते. ज्याला घरदार नाही त्यालाही निदान नाव पुकारून निरोप मिळतो. मंडळाचा मुख्य ओप्पियस. मुतात तुडवून कपडे पांढरे करायचा त्याचा धंदा, त्यामुळे अंगाला कायम मुताचा वास, पण माणूस सरळ. मंडळाच्या नियमांत एक नियम असा, की कोणत्याही कारणानं ज्यानं स्वतःचा जीव घेतला त्याला यातलं काही मिळणार नाही.

"देवीच्या सणाला आहे," मी म्हटलं. "का?"

"तिथं करतो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. स्वतंत्र माणसं साक्षीला, आणि माझे दोघं लांब मळ्यावर. मग त्यांना कोण काय विचारणार?"

"नियम विसरलास? लाकूड नाही, दगड नाही. चुन्याच्या भट्टीमागच्या खड्ड्यात फेकतील तुला, मेलेल्या गाढवाशेजारी."

"नियम ओप्पियसला वाचता येत नव्हता. मीच वाचून दाखवला होता." त्यानं माझ्यापुढे हात केला. "ते गाणं दे परत."

मी दिलं. त्यानं ते शेगडीत टाकलं. मी ते अजून पाठ केलं नव्हतं. आता वाटतं, करायला हवं होतं.

"आणि ऐक," तो म्हणाला. "त्या दोघांना यातलं काही कळता कामा नये. आधीही नाही, नंतरही नाही. कोणी चहाडी केली की चौकशी पुन्हा उघडते. त्यांना ठाऊकच नसेल तर पिळून निघणार काय? शपथ घे."

मी घेतली.

सणाच्या दिवशी त्यानं पोथसला सकाळीच मळ्यावर धाडलं, प्रिस्कसची द्राक्षवेल छाटायला. थालुसालाही त्याच्या मागोमाग जायला सांगितलं. दुपारी माझ्या खांद्यावर हात ठेवून तो मंडळाच्या जागेत आला. वाटेत तीनदा खाली बसला. पाव, तारल्या आणि ऊन केलेली दारू, असा बेत होता. ओप्पियसनं त्याला बघून आरोळी ठोकली, "अरे, कविराज! आम्ही तर लाकडं फोडून ठेवली होती!"

"वर्गणी भरलीय, एक जेवण तरी वसूल करू दे," नुमिसियस म्हणाला. सगळे हसले. कोणीतरी त्याला उशी दिली. मी दाराजवळच्या बाकावर बसले. माझ्या पानातल्या तारल्या गार होत गेल्या.

वाढून झालं. नुमिसियस ओप्पियसच्या खांद्याला धरून उभा राहिला. त्याचा उजवा हात अंगावरच्या वस्त्राखाली होता. "मंडळी," तो म्हणाला, आणि नेमकी तेव्हाच थालुसा दारात आली.

अर्ध्या वाटेवरून परतली होती. धापा टाकत होती. हातात लोकरीची शाल. "धनी, वारा सुटलाय," ती म्हणाली. "हे घरीच राहिलं तुमचं."

ती तिथं असताना त्यानं काही केलं असतं, तर साऱ्या मंडळासमक्ष ठरलं असतं की दासी हजर होती आणि तिनं धन्याला अडवलं नाही. अडवायला झेपावली असती तर रक्त तिच्या हातांना लागलं असतं. आणि बेत पुढे ढकलावा तर पुढचं जेवण दीड महिन्यानं. तेवढे दिवस त्याच्याजवळ नव्हते. हे सगळं त्यालाही त्याच क्षणी कळलं असणार. तो एकदम ओरडला.

"तुला कोणी बोलावलं इथं?"

थालुसा तिथंच थिजली.

"जाईन तिथं माझ्या मागं! थेरडे, वास काढत फिरणारी कुत्री आहेस तू! तुझ्या हातची पेज गिळूनच माझ्या पोटाचं हे झालंय. चालती हो! मळ्यावर जा आणि मला पुन्हा तोंड दाखवू नकोस!" मग तो सगळ्यांकडे वळला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? मी हिला हाकलून दिलंय!"

दोघंचौघं फिदीफिदी हसली. म्हाताऱ्याला दारू चढली असं त्यांना वाटलं. थालुसानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घालून तारल्यांकडे बघत राहिले. ती शाल घेऊनच वळली आणि गेली.

तो उभाच होता. "हेल्विया," त्यानं विचारलं, "गेली का ती?"

मी दारातून बाहेर बघितलं. ती वेशीच्या वळणावर होती. वळणापलीकडे गेली, तशी दिसेनाशी झाली. "गेली."

मग तो बोलला. त्यात एक शब्द कवितेचा नव्हता. "मी नुमिसियस. पोटात गाठ आहे, ती सोसत नाही. हे मी माझ्या हातानं करतोय. मला कोणी सांगितलं नाही, कोणाला मी सांगितलं नाही. माझी माणसं इथं नाहीत. लक्षात ठेवा." ओप्पियसच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत चाकू आत गेला होता.

शांतपणे काही झालं नाही. तो गुरासारखा ओरडत होता. रस्त्यावरचे खेचरवाले गाड्या थांबवून आत डोकावायला लागले. ओप्पियस त्याला मांडीवर घेऊन रडत होता, "अरे, काय केलंस हे, काय केलंस!" बायकांनी पोरांना बाहेर नेलं. कवीला मरायला फार वेळ लागला, आणि साऱ्या गावाला त्याचा आवाज गेला.

दुसऱ्या दिवशी चौकात चौकशी झाली. नगराधिकाऱ्याच्या मागे दोर घेऊन माणूस उभा होताच. ओप्पियसनं साक्ष दिली, बाकीच्यांनी दिली. पोथस दिवसभर वेलींवर होता हे मळ्यावरच्यांनी सांगितलं. मग थालुसाला पुढे ढकललं.

"तू तिथं गेली होतीस म्हणे?"

"गेले होते, मालक."

"मग?"

तिचा बांध फुटला. "मला कुत्री म्हणाले. सगळ्यांच्या देखत. माझ्या पेजेनं पोट बिघडलं म्हणाले. आजवर कधी... मालक, मी कधी शिळी पेज दिली नाही त्यांना!"

अश्रू हा माझा धंदा आहे. विकतचे, दुःखाचे, भीतीचे, सगळे मी ओळखते. हे अपमानाचे होते, अगदी अस्सल. मेलेल्यासाठी ती रडतच नव्हती. नगराधिकाऱ्याला हसू आलं. त्यानं दोरवाल्याला हातानंच जायला सांगितलं. "घेऊन जा हिला. हिला काय ठाऊक असणार!"

त्या संध्याकाळी मंडळ बसलं. मी ओप्पियसशी भांड भांड भांडले. तुझ्या बापाच्या दगडावर त्याच्या ओळी आहेत, म्हटलं. तो खाली बघून म्हणाला, "बाई, आज त्याला सोडला तर उद्या नियम कशाला उरेल? आणि त्याला माहीत होतं. माहीत असूनच आला आमच्यात जेवायला." त्याचे डोळे सुजलेले होते. नियमाच्या बाजूनं हात वर झाले. कोणाचाही हात खाली राहिला नाही.

चुन्याच्या भट्टीमागे त्याला नेलं तेव्हा मी मागून चालले. नाव पुकारायची बंदी होती. माझ्या धंद्यात गप्प राहायचे पैसे मिळत नाहीत. ते काम मी फुकट केलं.

थालुसा आणि पोथस भाच्याच्या मळ्यावर गेले. जगले. पोथस आता वाचत नव्हता, शेण काढत होता. नुमिसियसचं नाव निघालं की तो थुंकायचा. "साधा निरोपही न घेता गेला," म्हणायचा, "आणि जाता जाता म्हातारीच्या तोंडाला काळं फासून गेला." मृतांच्या दिवसांत सगळे जण आपापल्या माणसांसाठी दारूत भिजवलेला पाव आणि फुलं ठेवतात. थालुसानं त्याच्या नावानं कधी पावाचा तुकडाही ठेवला नाही. दरवर्षी विहिरीवर मला विचारायची, "हेल्विया, तू होतीस तिथं. मी काय केलं होतं गं त्याचं?" मी म्हणायचे, "दारू चढली होती." तोंडाशी आलेलं मी कितीदा गिळलं, त्याला गणती नाही.

त्याची ती ओळ पाथरवट अजूनही कोरतो. मी एकदा त्याला म्हटलं, अरे, त्यानं स्वतःच ती खोटी पाडली. तो म्हणाला, "असेल बाई. गिऱ्हाईक मागतं."

पुढे एका कडाक्याच्या थंडीत थालुसानं अंथरूण धरलं. तिनं मंडळाची वर्गणी चुकवली नव्हती, म्हणून मला आधीच बोलावून घेतलं. मळ्यावरच्या खोपटात ती पडली होती. श्वास घशाशी आला होता, डोळे मात्र जागे. बाहेर पोथस लाकडं फोडत होता.

"आता तरी सांग," ती म्हणाली. "का हाकललं मला त्यानं?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हती. आता कोणताही दोर तिच्यापर्यंत पोचणार नव्हता. मी शपथ मोडली. तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. ते फडकं, तो दोर, मंडळाचा नियम, आणि तो तिला का ओरडला तेही.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, ऐकलंच नाही तिनं. मग मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कानापर्यंत गेलं. मी ते पुसलं. कुऱ्हाडीचा आवाज थांबला. पोथस लंगडत दाराकडे येत होता.

तिनं माझं मनगट धरलं. मरणाऱ्या बाईच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"पोथसला सांगू नकोस," ती कुजबुजली.

"का गं? त्यालाही कळू दे."

"तो अजून धडधाकट आहे," थालुसा म्हणाली. "त्याला विचारतील."

दिवस मावळायच्या आत ती गेली. आम्ही तिचं नाव पुकारलं, पोथसनं सगळ्यात मोठ्यानं पुकारलं. दुसऱ्या दिवशी तिला चितेकडे नेताना तो माझ्या शेजारून चालत होता. चुन्याच्या भट्टीपाशी आलो तसा तो थांबला, खड्ड्याच्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "बघ रे मेल्या, तिला लाकडं मिळाली," आणि थुंकला.

थुंक बाबा, मी मनात म्हटलं, आणि थालुसाचं गाणं पुढे गायला लागले.